शेजारच्या गोठ्यातले इंजेक्शन आणि कलम १२

प्रश्न : आमच्या घराला लागून शेजारच्या मामांचा सहा म्हशींचा गोठा आहे. मी लग्न होऊन या पेठेत आले तेव्हापासून, म्हणजे २२ वर्षे, आमच्याकडे त्यांचेच दूध येते. यंदा गणपतीच्या आधी त्यांची एक म्हैस व्याली आणि नर रेडकू झाले. ते कासेपासून लांब बांधलेले असे, दिवसभर ओरडत असे आणि नवरात्रात ते मेले. दसऱ्यापासून मामांचा मुलगा धार काढण्याआधी त्या म्हशीला सुई टोचताना मी गच्चीवरून अनेकदा पाहिले आहे. औषध कसलीही चिठ्ठी नसलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतले असते. एकदा मी मोबाइलवर चित्रणही केले. सुई दिसली की म्हैस अंग चोरते, ते बघवत नाही. मुलाला विचारले तर म्हणाला, "पान्हाच सोडत नाही, काय करणार काकी?" दिवाळीच्या पाडव्याला त्याच म्हशीला सजवून मोटारसायकलमागे पळवत मिरवणुकीत नेले. माझे यजमान म्हणतात की शेजाऱ्याशी वैर कशाला घ्यायचे आणि कायद्यात दंड तरी किती, पन्नास रुपये. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते की चित्रण सगळीकडे टाकू या. मी तक्रार करावी का, कुठे करावी, आणि ते दूध आम्ही प्यावे का?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, आपल्या यजमानांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि बहुतेक लोक नेमके त्या अर्ध्यावरच थांबतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला मुख्य कायदा १९६० चा आहे आणि त्याचे कलम ११ सगळ्यांच्या तोंडी असते. जनावराला मारहाण करणे, त्याच्याकडून झेपत नाही इतके काम घेणे, आखूड दाव्याने वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणे, मालक असूनही पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे असे अनेक प्रकार त्या एका कलमात येतात आणि त्यांपैकी पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत तोच माणूस पुन्हा दोषी ठरला तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९८२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, तरी पहिल्या गुन्ह्याची कमाल रक्कम पन्नासाच्या पुढे सरकली नाही, आणि आज पन्नास रुपयांत म्हशीचे लिटरभर दूधही येत नाही.

परंतु सुईचा प्रकार कलम ११ पाशी थांबत नाही. त्याच्या लगेच पुढे कलम १२ आहे आणि ते दुभत्या जनावरांसाठीच लिहिलेले आहे. गाईवर किंवा अन्य कोणत्याही दुभत्या जनावरावर फुका किंवा डूम देव नावाची क्रिया करणे, अथवा दूध वाढावे म्हणून जनावराच्या प्रकृतीला अपायकारक ठरेल अशी कोणतीही क्रिया करणे हा त्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि अशा क्रियेत कोणताही पदार्थ टोचणे हेही येते असे कायद्याने स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. फुका किंवा डूम देव म्हणजे जनावराच्या योनिमार्गात हवा किंवा एखादा पदार्थ घालून त्याला पान्हा सोडायला लावणे. आज हा शब्द आपल्याकडच्या तरुण गवळ्यांनाही ठाऊक नसेल, पण एके काळी हा प्रकार इतका रूढ होता की १८९० च्या जुन्या कायद्यातही त्याला स्वतंत्र स्थान होते, आणि कलकत्त्यातल्या गोठ्यांत तो कसा चालतो हे कळल्यानंतर महात्मा गांधींनी गाई-म्हशींचे दूध आयुष्यभरासाठी सोडले होते. हवेच्या जागी सुई आली, एवढाच काय तो फरक पडला आहे.

कलम १२ ची शिक्षा वाचली म्हणजे आपल्या यजमानांचे उरलेले अर्धे म्हणणे गळून पडेल. दंड एक हजार रुपयांपर्यंत, किंवा कैद दोन वर्षांपर्यंत, किंवा दोन्ही, आणि ज्या जनावरावर ती क्रिया झाली ते जनावर सरकारजमा. हजार रुपयांचा दंडही आजच्या हिशेबाने किरकोळच म्हणावा लागेल, परंतु चांगल्या दुधाची म्हैस लाखाच्या घरात जाते आणि दोष सिद्ध झाल्यावर ती सरकारजमा करायची की नाही हा न्यायालयाच्या मर्जीचा विषय कायद्याने ठेवलेला नाही. शिवाय सुई मुलाने टोचली म्हणून मामा सुटतात असेही नाही, कारण आपल्या ताब्यातल्या जनावरावर अशी क्रिया होऊ देणारा मालकही त्याच कलमात दोषी धरला जातो. मामांना ही गोष्ट कुणी सांगितलेली नसावी, आणि म्हणूनच ती पोलिसांच्या तोंडून कळण्याआधी आपल्या तोंडून कळावी असे मला वाटते. त्याकडे पुढे येतो.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्यांचा तपास करू शकत नाहीत, आणि पोलीस ठाण्यात गेलेला माणूस एक नोंद करून घरी परततो तो यामुळेच. कलम १२ चा गुन्हा मात्र दखलपात्र आहे. इतकेच नव्हे, तर अशी क्रिया नुकतीच झाली आहे किंवा चालू आहे असे मानायला कारण असेल, तर उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी गोठ्यात जाऊ शकतो, म्हैस ताब्यात घेऊ शकतो आणि त्या भागाच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करू शकतो. हा अधिकार त्याला कलम ३२ देते. त्यातला "नुकतीच किंवा चालू" हा भाग नीट लक्षात ठेवावा. आठ दिवसांपूर्वीची हकिकत दुपारी बारा वाजता ठाण्यात सांगणे आणि पहाटे धारेच्या वेळी ११२ क्रमांकावर फोन करणे यांत या कलमाच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

आता या कलमाची अवघड बाजू सांगतो, कारण ती न सांगता आपल्याला ठाण्यात पाठवणे बरोबर होणार नाही. टोचणे सिद्ध झाले एवढ्याने भागत नाही. ते टोचणे जनावराच्या प्रकृतीला अपायकारक होते हेही सिद्ध व्हावे लागते. बाटलीत बहुधा ऑक्सिटोसिन असणार. हे संप्रेरक मुळात म्हशीच्या मेंदूतच तयार होते. रेडकू कासेला ढुसण्या देऊ लागले, ओळखीचा हात सडांना लागला, समोर आंबोणाची, म्हणजे खुराकाची, पाटी आली की ते रक्तात उतरते, कासेतल्या दुधाच्या सूक्ष्म पिशव्या आकुंचन पावतात आणि दूध सडांकडे येते. यालाच आपण पान्हा म्हणतो. गाईच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध खालच्या पोकळीत आधीच साठलेले असते, त्यामुळे पान्हा नसतानाही थोडेफार हाती लागते. म्हशीच्या बाबतीत तो हिस्सा जेमतेम पाच टक्के असतो, बाकी सगळे वरच अडकलेले. त्यामुळे म्हशीने पान्हा चोरला तर बादली कोरडीच राहते. मामांच्या मुलाचे "काय करणार काकी" हे निव्वळ निर्ढावलेपणाचे वाक्य नाही, त्यात त्याची खरीखुरी अडचण आहे.

तथापि रोज दोन वेळा बाहेरून संप्रेरक मिळू लागले की म्हशीची स्वतःची ही व्यवस्था मंदावते आणि पुढे सुईशिवाय ती पान्हाच सोडेनाशी होते, म्हणजे ज्या अडचणीवर उपाय म्हणून सुई आली तीच अडचण सुई कायमची करून ठेवते. व्याल्यावर जार (वार) पडत नसेल किंवा वीत (प्रसूती) अडलेली असेल तेव्हा पशुवैद्य हेच औषध मोजून वापरतात, आणि त्यात काही गैर नाही. हे औषध डॉक्टरांच्या किंवा पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, पण त्यावर सरसकट बंदीही नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये खाजगी कंपन्यांच्या उत्पादनावर बंदी घालणारी अधिसूचना काढली होती आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी स्त्रियांना हेच औषध लागते आणि एकाच ठिकाणच्या उत्पादनावर विसंबून राहणे त्यांच्या जिवावर बेतले असते. म्हणून "बंदी असलेले औषध" असा शब्द तक्रारीत लिहू नये. विरुद्ध बाजूचा वकील पहिले बोट तिथेच ठेवेल.

रेडकाविषयी आपण दोन वाक्येच लिहिली आहेत, पण पत्रातले सर्वांत वाईट प्रकरण मला ते वाटते. नर रेडकाला बाजारात किंमत नाही आणि ते पिते ते दूध मात्र विकता येते, या हिशेबापायी किती रेडके महिनाभरातच मरतात हे म्हशी असलेल्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मी तशाच घरात वाढलो आहे. उपाशी ठेवून जनावर मरू देणे हा कलम ११ चा गुन्हा आहे, आणि म्हणून तिथे पुन्हा ते पन्नास रुपये आडवे येतात. याच कायद्यात महाराष्ट्राने २०१७ मध्ये बैलगाडा शर्यतींसाठी दुरुस्ती केली, २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती ग्राह्य धरली, आणि त्या दुरुस्तीप्रमाणे शर्यतीच्या अटी मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे मनात आणले तर विधिमंडळाला मोठा आकडा लिहिता येतो. शर्यतीच्या बैलामागे न्यायालयात झगडणारे दोन्ही बाजूंचे लोक होते, दाव्याला बांधलेल्या रेडकामागे कुणीच नव्हते, असाच याचा अर्थ मी घेतो.

असे असले तरी ते रेडकू उपासमारीनेच मेले असे आपण लेखी म्हणू नये. म्हशीच्या रेडकांत जंतांचा प्रादुर्भाव फार असतो, जन्मानंतर दहा-पंधरा दिवसांत जंताचे औषध मिळाले नाही तर पोटभर दूध पिणारे रेडकूही दगावते, आणि शवविच्छेदन न झालेल्या रेडकाच्या मृत्यूचे कारण आज कुणालाच सिद्ध करता येणार नाही. आपण जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे : ते लांब बांधलेले असे, ओरडत असे, अमुक दिवशी मेले.

आता काय करावे हे सांगतो. माझ्या मते आधी मामांशी बोलावे, आणि मुलाशी नव्हे, मामांशीच. २२ वर्षांचा शेजार आहे म्हणून मी हे म्हणत नाही. शेजारधर्माच्या नावाखाली पुष्कळ क्रौर्य झाकले जाते हे मी जाणतो. पण इथे म्हशीचा त्रास थांबवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता मामांच्या घरातून जातो, आणि खटला उभा राहिला तर निकाल लागेपर्यंत म्हैस कुठे राहील, तिची धार कोण काढील, तिचे हाल कमी होतील की वाढतील, हे प्रश्न दुसऱ्याच दिवशी सुरू होतात. कलम ३५ प्रमाणे न्यायदंडाधिकारी जनावराला उपचारगृहात किंवा पांजरपोळात, म्हणजे जनावरांच्या आश्रयस्थानात, पाठवू शकतात आणि तिथल्या चारापाण्याचा व उपचारांचा खर्च मालकाकडून वसूल होतो. कोल्हापुरात पांजरपोळ हे नाव आता बहुतेकांना एका वसाहतीचे म्हणूनच माहीत आहे, पण त्या शब्दाला कायद्यात आजही जागा आहे. तरीसुद्धा ऐन दुधात असलेली, एकाच हाताची सवय असलेली म्हैस परक्या ठिकाणी नेऊन बांधणे हे तिच्यासाठी सुखाचे नसते.

बोलताना तीन गोष्टी मामांपुढे ठेवाव्यात. एक म्हणजे सरकारजमा होण्याची तरतूद, तीही धमकीच्या सुरात न सांगता, "मामा, हे तुम्हांला ठाऊक आहे का" अशा सुरात. दुसरी म्हणजे पशुवैद्याला बोलावण्याची. पशुपालकांसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि त्यावर फिरते पशुवैद्यकीय पथक मिळते. मामा एखाद्या दूध संस्थेचे सभासद असतील तर संघाच्या पशुवैद्यांचा मार्गही त्यांना मोकळा आहे. पान्हा न सोडण्यामागे कधी सडाची जखम असते, कधी कासदाह, म्हणजे कासेची सूज, असते, आणि तसे असेल तर सुईने दुखण्यावर दुखणे चढते आहे. तिसरी गोष्ट मामांना माझ्यापेक्षा चांगली माहीत असणार. रेडकू मेल्यावर म्हशीला कसे पान्हवत ठेवायचे याची जुनी माहिती गवळ्यांइतकी कुणाकडेच नाही. दुसऱ्या म्हशीचे रेडकू लावणे, मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून केलेले भोत पुढे ठेवणे, कोमट पाण्याने कास धुऊन हलक्या हाताने चोळणे, धारेच्या वेळीच आंबोण देणे, रोज तीच वेळ, तीच जागा आणि तोच माणूस ठेवणे, गोठ्यात आरडाओरडा न होऊ देणे. आपल्या भागातली तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस भर रस्त्यात, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, गिऱ्हाइकांच्या गर्दीत पान्हा सोडते ती काही सुईच्या जोरावर नव्हे. माणसाने तिला पिढ्यानपिढ्या लावलेल्या सवयीवर सोडते. सुईची सवय सुटायला आठवडे जातात आणि तेवढे दिवस दूध घटते. आपण गिऱ्हाईक आहात, तेव्हा त्या दिवसांत दूध कमी आले तरी चालेल असे आपण आपणहून सांगितलेत तर बोलण्याला वजन येईल. मात्र मुदत ठरवून द्यावी. माझ्या मते पंधरा दिवस पुरेत.

ही मुदत मी लांबवू देत नाही, त्याला कारण आहे. या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर खटला दाखल करता येत नाही. लोकांना शिक्षेचा आकडा पाठ असतो, ही मुदत कुणालाच ठाऊक नसते, आणि "बघू, सांगून बघू" म्हणता म्हणता प्रकरण कालबाह्य होते. रेडकाची घटना नवरात्रातली आहे, तिचे तीन महिने पौषात संपतील. सुई टोचण्याचा प्रत्येक प्रसंग हा वेगळा गुन्हा आहे आणि प्रत्येकाची मुदत त्याच्या तारखेपासून स्वतंत्र चालते, म्हणून आजपासून एक वही करावी आणि तारीख, वेळ, काय पाहिले, कुठून पाहिले एवढेच त्यात लिहावे. मतप्रदर्शन नको.

मामांनी ऐकले नाही तर लेखी तक्रार आपल्या पोलीस ठाण्यात द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तक्रारीत कलम १२ चा, तो दखलपात्र असल्याचा आणि कलम ३२ चा उल्लेख आवर्जून करावा, कारण ठाण्यातल्या हवालदाराच्याही डोक्यात पहिले येते ते कलम ११ च. तिची एक प्रत जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात द्यावी आणि एक जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात. अशी सोसायटी प्रत्येक जिल्ह्यात असावी असे २००१ चे नियम सांगतात. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आपल्या पत्रावरून आणखी एक गोष्ट सुचते : एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरात नफ्यासाठी पाच किंवा अधिक गुरे ठेवणाऱ्या गोठ्याची नोंदणी १९७८ च्या नियमांनुसार सक्तीची आहे आणि मामांकडे सहा म्हशी आहेत. हा मुद्दा मामांना अडकवण्यासाठी न वापरता त्यांना सावध करण्यासाठी वापरावा असे सुचवतो.

या सगळ्यात जो माणूस आपल्या पत्रात कुठेच नाही त्याच्याविषयी मला सर्वांत जास्त राग आहे, आणि तो म्हणजे चिठ्ठी नसलेली बाटली विकणारा. कुणी बनवले, कधी बनवले, किती तीव्रतेचे आहे हे काहीही न लिहिता औषध विकणे हा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खालचा गंभीर गुन्हा आहे. परवान्याशिवाय औषध बनवणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आणि किमान एक लाख रुपये दंड अशी त्याची शिक्षा आहे. तिथे पन्नास रुपयांची चेष्टा नाही. ही तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करायची असते, आणि बाटली कुठून येते एवढे मामांनी सांगितले तरी ती करता येते. ती करताना आपण मामांच्या विरोधात उभ्या राहत नाही, उलट त्यांनाही त्या विक्रेत्याच्या हातून सोडवता. मामांशी बोलताना ही वाट त्यांच्यापुढे जरूर ठेवावी; पुष्कळदा माणूस स्वतःची चूक कबूल करत नाही, पण आपल्याला फसवणाऱ्याचे नाव सांगतो.

आपल्या मुलीला माझा निरोप सांगावा की चित्रण समाजमाध्यमावर टाकू नये. मामांच्या कुटुंबाची बदनामी झाली तर अब्रुनुकसानीच्या फिर्यादीला आपणच तोंड द्याल, म्हैस मात्र होती तिथेच राहील, आणि बाटली आधीच नाहीशी झालेली असेल. ते चित्रण ज्या मोबाइलवर केले त्यावरच मूळ स्वरूपात राहू द्यावे, कापू नये, आवाज बदलू नये. व्हॉट्सॲपवरून पुढे गेलेल्या प्रतीला न्यायालयात तेवढे मोल राहत नाही आणि मूळ साधनाबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र द्यावे लागते. आपल्या गच्चीवरून जे सहज दिसते ते चित्रित करण्यात काही वावगे नाही. बाटली मिळवण्यासाठी गोठ्यात शिरणे हा मात्र गृहअतिक्रमणाचा विषय होतो आणि रात्री म्हैस सोडून देणे हा चोरीचा. हे मी उगाच लिहीत नाही. चांगल्या हेतूची माणसे हे दोन्ही करतात.

मुलीने कदाचित भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ चाही उल्लेख केला असेल, कारण हल्ली तो बराच फिरतो. जनावराला ठार मारणे, विष घालणे, अपंग किंवा निकामी करणे यांसाठी त्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि भटक्या कुत्र्यांना विष घालण्याच्या प्रकरणांत ते फार उपयोगी पडते. परंतु त्याचा पाया आगळीक हा आहे, म्हणजे कुणाचे तरी गैरवाजवी नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव, आणि मामांचा हेतू स्वतःच्या म्हशीचे नुकसान करण्याचा नसून तिच्याकडून दूध मिळवण्याचा आहे. मोठ्या शिक्षेचे कलम लावले म्हणजे तक्रार मोठी होत नाही. न बसणारे कलम लावल्याने बसणारे कलमही संशयात येते.

पाडव्याच्या मिरवणुकीविषयी थोडक्यात सांगतो. म्हशीला धुऊन, शिंगे रंगवून, मोरपिसे बांधून मिरवणे आणि मालकाच्या मोटारसायकलमागे तिने धावणे ही कोल्हापूरच्या गवळ्यांची हौस आहे आणि मालकाच्या आवाजाला ओळखून म्हैस धावते तेव्हा त्यात मला क्रौर्य दिसत नाही. सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या गाडीचा कानठळ्या बसवणारा आवाज, शेपटी पिरगाळणे, दमलेल्या जनावराला पुन्हा हाकणे, हे मात्र कलम ११ मध्ये येते. आपल्या तक्रारीत मिरवणूक घालू नये. ती घातली की पेठेतली चर्चा सुईवरून परंपरेवर जाईल आणि मामांच्या बाजूने दहा माणसे उभी राहतील.

राहिला दुधाचा प्रश्न. ऑक्सिटोसिन हे प्रथिनांच्या जातीचे असल्यामुळे पोटात पचून जाते आणि अशा दुधाने मुली लवकर वयात येतात वगैरे जे बोलले जाते त्याला आधार नाही. चिठ्ठी नसलेल्या बाटलीत आणखी काय आहे हा प्रश्न मात्र उरतो, आणि म्हशीला कासदाहासाठी प्रतिजैविके चालू असतील तर त्या दिवसांचे दूध घेऊ नये हे पशुवैद्यच मामांना सांगतील. पंधरा दिवसांच्या मुदतीत इतर पाच म्हशींचे दूध घेत राहावे आणि या म्हशीचे नको असे मामांना स्पष्ट सांगावे. एकदम दुसरीकडून दूध सुरू केले तर मामांशी बोलण्याचा आपला अधिकार जाईल, आणि सकाळी भांडे घेऊन गोठ्याच्या दारात उभे राहण्याचे निमित्तही.

मामांकडे जाण्याआधी वहीतली पहिली नोंद करून ठेवावी.